बर्फातले उपदेशक

गेल्या जानेवारीतली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी आमच्या आयसेलिनच्या घरी, बेसमेंटमध्ये, कीर्तन ठरले होते. चाळीस माणसे येतो म्हणाली होती. सौ.ने चाळीस माणसांच्या हिशेबाने मसालेभाताचे तांदूळ काढून ठेवले होते. शुक्रवारी रात्री बर्फ सुरू झाला तो शनिवारी दुपारपर्यंत थांबेना. तीन वाजल्यापासून फोन वाजू लागले. सगळ्यांचा सूर एकच : "यायचं फार मनात होतं हो, पण..." या 'पण'च्या पुढे काय असते ते न्यू जर्सीत राहणाऱ्या वाचकांना सांगायला नको. फोन करणाऱ्यांपैकी निम्मी मंडळी आमच्या घरापासून दीड मैलाच्या आत राहतात, ही गोष्ट आम्ही कोणाला बोलून दाखवली नाही. अखेर साडेचारच्या सुमारास आम्हीच बुवांना फोन लावला. म्हटले, कीर्तन पुढे ढकलू या. बुवा म्हणाले, "अहो, मी गाडीत बसलोय. मेट्रोपार्कला साडेपाचपर्यंत पोहोचतो. तुम्ही घ्यायला येता, की चालत येऊ?"

बुवा ट्रेंटनच्या बाजूला राहतात. आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवार कीर्तन, असा त्यांचा क्रम. स्टेशनाबाहेर ते उभे होते ते ध्यान पाहण्यासारखे होते : डोक्याला माकडटोपी, अंगात जाड कोट, कोटाखालून डोकावणारे धोतर, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि खांद्याला झांजांची पिशवी. श्रोते जमले एकूण नऊ, त्यांत घरचेच आम्ही चार. कीर्तन पुरते दोन तास झाले. चाळीस माणसांसाठी जे सांगायचे ते नऊ माणसांना सांगितले, एक आख्यानही कमी केले नाही.

त्या नऊ जणांतला एक श्रोता मराठी नव्हता. ते आमचे शेजारी. वय ऐंशीच्या पुढे. हे गृहस्थ सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे. (पुणेकर वाचकांना स्पायसर कॉलेज आणि तिथली बेकरी आठवत असेल, किंवा सॅलिसबरी पार्कातला ओरिएंटल वॉचमनचा छापखाना. तेच हे लोक.) शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत त्यांचा शब्बाथ. तेवढ्या वेळात आमचे शेजारी बर्फाच्या फावड्याला हात लावत नाहीत. साऱ्या गल्लीतले ड्राइव्हवे दुपारी साफ होतात, यांच्या दारात मात्र बर्फ जसा पडला तसा. पण जानेवारीत सूर्य पाचच्या आसपास मावळतो. आम्ही बुवांना घेऊन परतलो तेव्हा हे आजोबा स्वतःचे दार सोडून आमच्या पायऱ्यांवरचा बर्फ ओढत होते. "पाहुणे येणार म्हणाला होतात ना," एवढेच बोलले. मग त्यांनाही आत बोलावले. एक शब्द न कळता दोन तास बसले आणि झांजांच्या ठेक्यावर मान डोलावत राहिले.

जेवताना त्यांनी विचारले, "यांना पगार कोण देतं?"

आम्ही जरा गडबडलो. सांगितले, पगार असा कोणी देत नाही. आरतीच्या ताटात लोक घालतात ते यांचे. त्या दिवशी ताटात सत्याऐंशी डॉलर जमले होते आणि त्यातले चाळीस आमचेच होते. म्हाताऱ्यांनी ताटाकडे पाहिले, बुवांच्या बुटांकडे पाहिले, आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या लॉफबरोसारखंच." मग त्यांनी डुकराची अर्धी तंगडी, सफरचंदे आणि मेपलची साखर यांची एक गोष्ट सांगितली. डुकराचे नाव निघताच सौ.ने बुवांच्या पानाकडे चिंतेने पाहिले, पण बुवा ऐकण्यात रंगून गेले होते. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी तीन पुस्तके आणून दिली. त्यानंतरचे पंधरा दिवस आम्ही ती वाचत होतो. वाचले त्यातले काही वाचकांपुढे ठेवतो.

आमची समजूत अशी की शनिवार पाळणारे ख्रिस्ती म्हणजे मिशिगनकडचे कोणी असावेत. पण या प्रथेचे एक मूळ आमच्या घरापासून मोटारीने पंधरा-वीस मिनिटांवर निघाले. पिस्कॅटवेच्या बॅप्टिस्ट मंडळीतले एडमंड डनहॅम यांनी १७०२ च्या सुमारास हेझेकाया बोनहॅम नावाच्या माणसाला रविवारी काम करताना हटकले. बोनहॅमने उलट विचारले, रविवारी काम करू नये असे बायबलात कोठे आहे ते दाखवा. डनहॅम घरी जाऊन शोधू लागले, पण सापडेना. सापडला तो सातवा दिवस, म्हणजे शनिवार. दुसऱ्याला टोकायला गेलेला माणूस स्वतःच बदलून आला. १७०५ साली त्यांनी पिस्कॅटवेत सेव्हन्थ डे बॅप्टिस्टांची मंडळी स्थापन केली. बोनहॅम हे नाव एडिसनमधल्या बोनहॅमटाउनमध्ये अजून आहे. आपण तिथून रोज गाड्या हाकतो.

याच पंथातल्या रेचल ओक्स नावाच्या एक बाई १८४३-४४ च्या हिवाळ्यात न्यू हॅम्पशायरमधल्या वॉशिंग्टन गावी होत्या. त्या काळात त्या साऱ्या मुलखात विल्यम मिलर यांच्या सांगण्याने खळबळ उडाली होती. मिलर हे न्यूयॉर्क राज्यातले साधे शेतकरी. बायबलातल्या आकड्यांचा हिशेब मांडून त्यांनी ठरवले होते की प्रभू येशूचे पुनरागमन १८४३-४४ च्या सुमारास होणार. वॉशिंग्टन गावात फ्रेडरिक व्हीलर नावाचे फिरते उपदेशक घोड्यावरून येत. एकदा ते म्हणाले, प्रभुभोजनाला बसणाऱ्याने देवाची प्रत्येक आज्ञा पाळली पाहिजे. नंतर रेचलबाईंनी त्यांना गाठले आणि ऐकवले की तुम्ही हे म्हणालात तेव्हा मी उठून उभीच राहणार होते. चौथी आज्ञा पाळत नाही तोवर ते मेज मागे सारा आणि त्यावर कापड झाका, असे सांगणार होते. व्हीलरांनी वाद घातला नाही. थोड्याच महिन्यांत ते शनिवार पाळू लागले.

२२ ऑक्टोबर १८४४ हा मिलरपंथीयांनी धरलेला शेवटचा दिवस. तो आला आणि गेला. कित्येकांनी शेतातली पिके कापली नव्हती, कित्येकांनी दुकाने बंद केली होती. लोकांनी त्यांची जी टवाळी केली ती पुढे वर्षानुवर्षे चालू होती. बहुतेक जण पांगले. थोडेसे उरले त्यांनी पुन्हा बायबल उघडले, शनिवार स्वीकारला आणि तो सांगत फिरू लागले. आमची गोष्ट या उरलेल्यांची आहे. त्यांच्याजवळ ना संस्था होती, ना खजिना, ना देऊळ. संस्था रीतसर उभी राहिली ती १८६३ साली, मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला. मधली जवळजवळ वीस वर्षे हे लोक स्वतःच्या पायांवर आणि दुसऱ्याच्या घोड्यांवर चालले.

त्यांतले सर्वांत वडील जोसेफ बेट्स. हे जहाजाचे कप्तान. दर्यावर्दीपणातून निवृत्त झाले तेव्हा गाठीला दहा हजार डॉलरांच्या वर होते, आणि त्या काळी ती श्रीमंती होती. सारी या कामात गेली. एके दिवशी शनिवारासंबंधी पुस्तिका लिहायला बसले असता पत्नी प्रुडन्स आत येऊन म्हणाली, स्वयंपाकाला पीठ पुरत नाही. किती हवे? चार पौंड. खिशातले शेवटचे साडेबारा सेंट घेऊन कप्तान बाजारात गेले आणि बरोबर चार पौंड पीठ घेऊन आले. बाईंना आश्चर्य वाटले. ज्याने जहाजे भरभरून माल आणला तो नवरा चार पौंड पीठ आणतो? तेव्हा त्यांनी सांगितले की हे शेवटचे पैसे होते. बाई पदराने डोळे टिपू लागल्या (पदर आमचा, डोळे त्यांचे). पुढे टपालात एका भाविकाचे पत्र आले. त्यात दहा डॉलर निघाले. पत्राचे पाच सेंट टपालहशील भरायलाही कप्तानांजवळ पैसे नव्हते. पोस्टमास्तरलाच त्यांनी पाकीट फोडायला सांगितले आणि म्हणाले, आत पैसे असतील तर त्यातून घे. हा चमत्कार सांगणारे कप्तानांच्या श्रद्धेची वाखाणणी करतात, ती योग्यच. आम्हांला मात्र ते दहा डॉलर येईपर्यंत प्रुडन्सबाईंचा वेळ कसा गेला असेल, हे राहून राहून वाटते.

आता हिवाळ्याकडे येऊ. वाचता वाचता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. या लोकांचे मोठमोठे प्रवास बर्फाच्या दिवसांतले आहेत. प्रथम वाटले, किती हा हटवादीपणा! उन्हाळ्यात जायला काय झाले होते? मग उलगडा झाला. उन्हाळ्यात ऐकणार कोण? गवत कापायचे, गहू काढायचे, मका खुडायचा. उत्तर अमेरिकेतला शेतकरी वसंतापासून पानगळीपर्यंत शेतात असे आणि बर्फ पडला की घरात. लांबलचक रात्री, चुलीची ऊब आणि करमणूक कसलीही नाही. अशा वेळी गावच्या शाळेत कोणी उपदेशक आला तर सारा गाव लोटे. शिवाय उपदेशकालाही उन्हाळ्यात पोटाचे पाहावे लागे. जेम्स व्हाइट हे पंथाच्या संस्थापकांतले एक. त्यांनी १८४८ च्या उन्हाळ्यात एकराला साडेसत्त्याऐंशी सेंट या दराने गवत कापून चाळीस डॉलर मिळवले आणि त्या पैशांवर पुढचा दौरा केला. त्याआधीच्या हिवाळ्यात ते जंगलात लाकडे तोडत होते. पहाटेपासून काळोख पडेपर्यंत राबून दिवसाला पन्नास सेंट सुटत.

दुसरे कारण वाटेचे. पक्क्या सडका नव्हत्या. पानगळीतल्या पावसाने आणि वसंतात बर्फ वितळल्याने रस्त्यांचा नुसता राडा होई, चाक आसापर्यंत रुते. बर्फ दडपून घट्ट झाला की मात्र स्लेज, म्हणजे चाकांऐवजी पट्ट्यांवर घसरणारी गाडी, सुळकन जाई. नद्यांवर पूल नव्हते, पण गोठलेली नदी हाच पूल. ज्या बर्फामुळे आमचे चाळीस श्रोते घरी बसले, त्याच बर्फामुळे त्यांचे श्रोते यायचे.

हे वाचताना आम्हांला आपल्याकडचे दिवस आठवले. महाराष्ट्रात फिरस्त्या धर्मपुरुषाचा हंगाम कोणता? पावसाळ्यात संन्यासी चातुर्मास धरून एका गावी राहतो. ओढे-नाले दुथडी वाहतात, काळ्या जमिनीत बैलगाडी जात नाही आणि कुणबी पेरणी-खुरपणीत गुंतलेला असतो. कार्तिकी झाली, खरिपाचे दाणे घरात आले, वाटा वाळल्या की बाहेर पडायचे. अमेरिकन मराठी मिशनच्या पाद्र्यांनीही हेच ओळखले होते. १८१३ साली गॉर्डन हॉल मुंबईत उतरले आणि १८३१ साली अहमदनगरचे ठाणे बसले. त्या मिशनचे पाद्री थंडीच्या दिवसांत तंबू, पुस्तके आणि औषधाची पेटी बैलगाडीत घालून खेडोपाडी दौरे काढत. त्यांच्या देशात शेतकरी बर्फामुळे मोकळा, आपल्याकडे सुगी सरली म्हणून मोकळा. पण महिने तेच, डिसेंबर-जानेवारी. उन्हे तापू लागली की धोका. गॉर्डन हॉल स्वतः १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबकला गेले. तिकडे पटकीची साथ होती. जवळची औषधे लोकांना देऊन परतताना वाटेत त्यांनाच पटकीने गाठले आणि एका देवळाच्या ओसरीवर त्यांचा अंत झाला. चाळिशी नुकतीच उलटली होती.

याच मिशनमधले जस्टिन अ‍ॅबट अनेक वर्षे मुंबईत काढून निवृत्तीनंतर इथे, न्यू जर्सीतल्या समिटला येऊन राहिले. आयसेलिनहून समिट अर्ध्या तासाचे. तिथे बसून त्यांनी महिपतीबुवांच्या संतचरित्रांची इंग्रजी भाषांतरे केली आणि पुण्यात छापून घेतली. ते १९३२ साली वारले. आपल्यातल्या कितीजणांना हे ठाऊक असेल? आम्हांलाही अलीकडेच कळले. असो; विषय भरकटला.

शेजाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट राहिलीच. जॉन लॉफबरो हा तरुण सतराव्या वर्षापासून उपदेश करणारा. शनिवारवाल्यांत १८५२ साली सामील झाला. चांगला वक्ता, पण चार वर्षे फिरून हाती काही लागेना. रंगकाम करून, खिडक्यांच्या कड्या विकून संसार कसाबसा चाले. १८५६ साली तो कंटाळला आणि बायको मेरी हिला घेऊन आयोवा राज्याच्या ईशान्य टोकाला वॉकॉन नावाच्या नव्या वसाहतीत गेला. तिथे सुतारकाम भरपूर होते आणि मजुरी रोख मिळे. जॉन अँड्र्यूज नावाचा दुसरा विद्वान उपदेशकही तिथेच काकाच्या दुकानात कारकुनी करीत होता. लिहून-वाचून त्याची प्रकृती पार ढासळली होती. अशी एकेक करून माणसे संसाराला लागली.

त्या डिसेंबरात जेम्स व्हाइट आणि पत्नी एलेन इलिनॉयमध्ये राउंड ग्रोव्ह येथे होती. वॉकॉन तिथून सुमारे दोनशे मैल. एलेनबाईंनी ठरवले की जायचे. जोसाया हार्ट आणि एलॉन एव्हर्ट्स या दोघांनी घोड्यांची स्लेज जोडली. आधी बर्फाने अडवले, मग अवेळी पाऊस आला. बर्फ भुसभुशीत झाला आणि घोड्यांचे पाय पावलोपावली आत जाऊ लागले. वाटेत जो भेटे तो सांगे, मिसिसिपी ओलांडता येणार नाही. नदीकाठी पोहोचले तर गोठलेल्या पात्रावर फूटभर पाणी उभे. खालचा बर्फ किती जाड उरला आहे ते कोण सांगणार? हार्ट उभे राहिले आणि त्यांनी विचारले, आयोवा की परत इलिनॉय? एलेनबाईंचे उत्तर एकच, पुढे. घोडे पाण्यात उतरले. पलीकडच्या काठावर लोक जमून पाहत होते. ते म्हणाले, आमच्यातला कोणी एवढे धाडस करता ना.

आम्ही शेजाऱ्यांना म्हटले, हा शुद्ध वेडेपणा होता. ते म्हणाले, होय, होता. आणि गप्प राहिले. त्यांनी आम्हांला पटवण्याचा प्रयत्न केला नाही याचे बरे वाटले. एका कामाला लागलेल्या माणसाला परत बोलावण्यासाठी चौघांचा जीव धोक्यात घालावा का, याचे उत्तर आम्हांला अजून देता येत नाही. नदी फुटली असती तर आज ही गोष्ट कोणी सांगितली नसती, एवढे खरे.

पलीकडे गेल्यावर पाऊस थांबला आणि कडाका पडला. उघड्या स्लेजमध्ये बसलेली ही माणसे एकमेकांच्या तोंडाकडे सारखी पाहत राहिली. स्वतःचा गाल गोठतो आहे हे स्वतःला कळत नाही, बधिर झालेला असतो. म्हणून एकाने दुसऱ्याला सांगायचे, भाऊ, तुमचा कान पांढरा पडला, चोळा. दुसऱ्याने पहिल्याला सांगायचे, तुमचे नाक. देवावर भार टाकून निघालेल्या माणसांनी वाटेत एकमेकांची अशी राखण केली, हा तपशील आम्हांला नदीच्या प्रसंगापेक्षाही जास्त आवडला.

नाताळच्या आदल्या दिवसाच्या सुमारास ती वॉकॉनला पोहोचली. लॉफबरो एका दुकानाच्या बांधकामावर होता. खाली उतरून हत्यारांसकट स्लेजपाशी आला. एलेनबाईंनी त्याला एलीया संदेष्ट्याच्या कथेतला प्रश्न विचारला. एलीया रानात पळून जाऊन गुहेत लपतो, तेव्हा देव त्याला विचारतो की तू इथे काय करतोस. लॉफबरोने सांगितले, सुतारकाम करतो. तोच प्रश्न पुन्हा. पुन्हा तिसऱ्यांदा. या वेळी त्याच्याजवळ उत्तर नव्हते. पुढचे काही दिवस सभा झाल्या, रडारड झाली, जुने रुसवे निघाले. शेवटी मेरीने नवऱ्याला सांगितले, जा. हातोडा ठेवून तो त्याच स्लेजमधून इलिनॉयकडे निघाला. मेरी त्या परक्या, थंड मुलखात मागे राहिली.

चार महिने त्याने इलिनॉयमध्ये उपदेश केला. मोबदला काय? जेवणखाण, दहा डॉलर किमतीचा बायसनच्या (तिकडच्या बोलीत 'बफेलो'च्या) कातड्याचा एक कोट आणि रोख दहा डॉलर. परत निघाला तेव्हा वॉकॉन सव्वीस मैलांवर राहिले असता गाडीचे पैसे वाचवायला चालत घरी गेला. घरात पाऊल टाकताना बायकोच्या हातावर काहीतरी ठेवता यावे म्हणून. पुढच्या हिवाळ्याचा, १८५७-५८ चा, हिशेबही त्याने लिहून ठेवला आहे. दहा-दहा पौंडांच्या मेपल साखरेच्या तीन ढेपा, दहा बुशेल गहू, पाच बुशेल सफरचंदे, पाच बुशेल बटाटे, डुकराची एक तंगडी, एका लहान डुकराचा अर्धा भाग, थोडे वाल, आणि रोख चार डॉलर. (शेजाऱ्यांनी जेवताना या दोन डुकरांचे एक करून सांगितले होते. ऐंशीच्या पुढे एवढे चालायचेच.)

हा आमचा बलुतेदारीचाच हिशेब झाला. पण बलुतेदाराला निदान गाव बांधलेले असते. याला एकही गाव बांधलेले नव्हते. अखेर पंथाच्या लोकांना लाज वाटली. अँड्र्यूज तोवर पुन्हा कामाला लागला होता. त्याने आणि इतरांनी बसून बायबलातून विचार केला आणि जानेवारी १८५९ मध्ये बॅटल क्रीकच्या मंडळीने एक योजना मान्य केली. पुरुषांनी आठवड्याला ५ ते २५ सेंट द्यावेत, स्त्रियांनी २ ते १० सेंट, आणि मालमत्तेच्या दर शंभर डॉलरांमागे आणखी १ ते ५ सेंट. रक्कम किरकोळ, पण ठरलेली. उपदेश आवडला म्हणून द्यायचे नाही, बर्फ पडला म्हणून बुडवायचे नाही. दशांश देण्याची चाल त्यानंतर वीस वर्षांनी आली. लॉफबरो पुढे कॅलिफोर्नियात गेला आणि १९२४ पर्यंत जगला. अँड्र्यूज १८७४ साली युरोपात गेला. परदेशी पाठवलेला पंथाचा पहिला अधिकृत मिशनरी तो.

आपल्याकडे याच्या अगदी उलटे वळण रेव्हरंड टिळकांनी घेतले. नारायण वामन टिळकांना मिशनचा पगार होता. १९१७ साली त्यांनी तो सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार मांडला. पगार घेऊन देवाचे नाव सांगणे त्यांना पटेना. त्यांची बाजू समजते. पण 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना हेही समजते की टिळक जेव्हा जेव्हा हात सैल सोडत तेव्हा घरात डबे कोण खडखडवून पाहत असे. प्रुडन्स बेट्स, मेरी लॉफबरो आणि लक्ष्मीबाई यांची कधी एका चुलीपुढे गाठ पडती तर तिघींना एकमेकींची भाषा न येताही सारे कळले असते. लक्ष्मीबाईंनी ते लिहून ठेवले, म्हणून आपल्याला निदान एकीच्या तोंडून ऐकायला मिळाले.

ही पुस्तके परत करायला गेलो तेव्हा शेजाऱ्यांनी बुवांची चौकशी केली. आम्ही सांगितले की आमच्या बेसमेंटमधल्या मंडळींनी आता ठराव केला आहे. घरटी महिन्याला पाच डॉलर, कीर्तनाला या वा न या. ठराव मांडला आम्ही, पण सुचवला कोणी हे सभेत सांगितले नाही. अ‍ॅडव्हेंटिस्टांची युक्ती म्हटल्यावर एखाद्याने हरकत घेतली असती. चाळीसपैकी तेवीस घरे तयार झाली. उरलेल्यांचे "फार मनात आहे हो, पण..." चालू आहे.

बुवांना ही बातमी फोनवर दिली. त्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग सांगितले की रबरी बुटांना भोक पडले आहे. आम्ही म्हटले, बुवा, आता पुढचे कीर्तन मे-जूनमध्ये ठेवू. हवा छान असते, लोक येतील, तुमचेही हाल होणार नाहीत.

"छे, छे," बुवा म्हणाले. "जानेवारीच धरा. उन्हाळ्यात तुम्ही लोक घरी असता कुठे?"